होडीचा हिवाळा

बऱ्याच दिवसांनी लिहितो आहे. मध्यंतरी डोळ्याचं काम निघालं होतं, ते आता आटोपलं.

मागच्या ऑक्टोबरात पुतण्याचा फोन आला. तो अमेरिकेत मिनेसोटा राज्यात असतो, हे इथे वाचणाऱ्या नातेवाइकांना ठाऊकच आहे. रविवारी आमची संध्याकाळ आणि त्याची सकाळ असते, तेव्हा बोलणं होतं. तब्येत, पाऊसपाणी, सोयाबीनचा भाव असं सगळं झाल्यावर म्हणाला, "काका, आज होडी पाण्याबाहेर काढली. आता एप्रिल-मेपर्यंत तिला सुट्टी."

होडी त्याने दोन वर्षांपूर्वी घेतली, तिचा फोटोही पाहिला होता. पण ती सहा महिने पाण्याबाहेर ठेवावी लागते हे मला नवीन होतं. मास्तरकीची खोड जात नाही, म्हणून लगेच विचारलं, "मग ठेवतोस कुठे? आणि पैसे किती पडतात?" तो जरा थांबला. मग म्हणाला, "सगळं मिळून हजार डॉलरच्या वर जातात काका." म्हणजे आपले ऐंशी हजारांच्या वर. तेही होडी न वापरण्याचे!

मी काही बोललो नाही. का ते पुढे सांगतो.

त्याने मग मला समजावून सांगितलं. तिकडची तळी नोव्हेंबर-डिसेंबरात गोठतात आणि बर्फ इतका जाड होतो की लोक त्यावर मोटारी नेतात. पाणी गोठलं की सुमारे नऊ टक्के फुगतं. हे आम्ही सातवीच्या मुलांना बाटली फुटण्याच्या उदाहरणाने शिकवत होतो. बाटलीच्या जागी होडीचं इंजिन धरा. आत राहिलेलं ओंजळभर पाणी गोठलं तरी लोखंडी ठोकळ्याला तडा जातो. म्हणून ऑक्टोबरात सगळं पाणी काढायचं, नळ्यांमध्ये न गोठणारं द्रव भरायचं, बॅटरी काढून घरात न्यायची. मग होडीभोवती प्लास्टिकचा कागद ताणून, गरम हवेने तो आकसवून पक्कं गाठोडं बांधायचं. त्यानंतर कोणाच्या तरी आवारात जागा भाड्याने घ्यायची. आवार उघडं असेल तर कमी, छपराखाली जास्त आणि ऊब असलेल्या गोदामात त्याहून जास्त.

आता मेडशीच्या माणसाला या भानगडी काय कळणार? आमचं गाव अकोला-वाशीम रस्त्यावरचं. समुद्र सरळ रेषेत मोजला तरी चारशे किलोमीटरच्या वर. आमच्या लहानपणी नाव म्हणजे पुस्तकातलं चित्र. पण फोन ठेवल्यावर डोक्यात एक जुनी गोष्ट फिरायला लागली आणि दोन-तीन आठवडे मी तिच्याच मागे होतो. आपल्याकडेही होड्यांचा हिवाळा असतो. फक्त तो पावसाळ्यात येतो.

हे मी कोट्या करण्यासाठी म्हणत नाही. पोर्तुगीज लोक गोव्यात आले तेव्हा आपल्या पावसाळ्याला त्यांनी शब्द वापरला तो "इन्व्हेर्नु", म्हणजे हिवाळा. इंग्रजांनीही तोच कित्ता गिरवला. सतराव्या शतकातली मुंबई-सुरतेच्या वखारींची इंग्रजी कागदपत्रं वाचताना नवख्या माणसाची फसगत होते. अमक्याचं आरमार "विंटर"साठी मुंबईला आलं असं लिहिलेलं असतं आणि तारीख मात्र एप्रिल-मे महिन्यातली! या लोकांच्या देशात जहाजं किनाऱ्याला लावून, शिडं उतरवून, खलाशांनी शेकोटीजवळ बसायचा जो काळ, तो हिवाळा. इथे तो काळ जूनपासून सुरू होई. थंडीचा पत्ता नाही, पण काम तेच. त्यामुळे नावही तेच चिकटलं.

मी स्वतः हे पहिल्यांदा पाहिलं ते १९८४ साली. शिक्षकांच्या एका प्रशिक्षणासाठी जूनअखेर रत्नागिरीला गेलो होतो. समुद्र बघायचा म्हणून छत्री घेऊन हौसेने किनाऱ्यावर गेलो, तर समुद्र म्हणजे नुसता गढूळ, गरजणारा डोंगर. आणि वाळूच्या वरच्या अंगाला ओळीने होड्या ठेवलेल्या, माडाच्या झापांनी शाकारलेल्या. लांबून मला ती गोठ्यांची रांगच वाटली. एक म्हातारे गृहस्थ पडवीत जाळं विणत बसले होते. त्यांना विचारलं, या होड्या अशा किती दिवस? ते म्हणाले, "दर्या खवळलाय. आता नारळी पुनवेपर्यंत हितंच." मग मला विचारलं, तुम्ही कुठले? वाशीमकडचा म्हटल्यावर त्यांना ते नाव ठाऊक नव्हतं. (तेव्हा वाशीम जिल्हाही नव्हता, आम्ही अकोला जिल्ह्यात होतो. जिल्हा झाला १९९८ साली.)

झापांनी शाकारणं हा शब्द मात्र आमच्या ओळखीचा निघाला. आमच्याकडे मे महिन्यात घरावरचे कवेलू फेरतात, गोठा शाकारतात. बंडी पावसात लागत नाही म्हणून तिची चाकं काढून छपराखाली ठेवायची, हेही आमच्या घरी वडील करत. जे चार महिने चालत नाही त्याला निगुतीने झाकून ठेवणं, इतकंच ते काम.

आणि गंमत बघा, "छावणी" हा शब्द. आपल्याला छावणी म्हटलं की लष्कराचे तंबू दिसतात. पण छावणं म्हणजे मुळात छप्पर घालणं, शाकारणं. पावसाळ्यात फौजा कुठेतरी झोपड्या-छपरं घालून मुक्काम करत, ती छावणी. दसऱ्याला शिलंगण झालं की फौज बाहेर पडे. आरमाराचीही अशीच छावणी असे. जमिनीवरची छावणी आपण शाळेत शिकलो, शिकवली. पाण्यावरच्या छावणीबद्दल मी अडतीस वर्षांच्या नोकरीत एक वाक्यही शिकवलं नाही, कारण पाठ्यपुस्तकात ते नव्हतं.

तर आता मुख्य गोष्ट. होडी ठेवायला भाडं लागतं, हे पुतण्याने सांगितलं. इतिहासात एक प्रसंग असा आहे की भाडं एकाने बुडवलं, जागा दुसऱ्याची गेली आणि किंमत तिसऱ्याने मोजली. जागा होती मुंबईतलं माझगाव.

जंजिऱ्याचा सिद्दी हा मोगलांच्या वतीने समुद्रावर लढत होता. त्याच्या आरमाराला सुरतेच्या मोगली खजिन्यातून पैसा मिळे. शिवाजी महाराजांचं आणि त्याचं हाडवैर. जंजिरा किल्ला पाण्यात असल्यामुळे महाराजांना तो मिळाला नाही, पण समोरचं दंडा-राजपुरी आणि आसपासचा किनारा मराठ्यांनी घेतला होता. त्यामुळे झालं असं, की सिद्दीचा किल्ला सुरक्षित, पण त्याची गलबतं पावसाळ्यात ओढून ठेवायला घरची जमीनच उरली नाही. किनाऱ्यावर गलबतं ठेवली की मराठ्यांच्या हाती आयतीच सापडणार. किल्ल्यात माणूस राहू शकतो, आरमार राहू शकत नाही. हे माझ्या ध्यानात इतक्या उशिरा आलं याची लाज वाटते.

मग पावसाळ्यापूर्वी सिद्दी आपला ताफा घेऊन मुंबईच्या बंदरात येऊ लागला. मुंबई तेव्हा नुकतीच, म्हणजे १६६८ साली, ईस्ट इंडिया कंपनीकडे आलेली. गव्हर्नर होता जेराल्ड ऑंजियर. त्याची पंचाईत बघा. सिद्दीला नाही म्हणावं तर बादशहा रागावणार आणि सुरतेची वखार धोक्यात येणार. हो म्हणावं तर शिवाजी महाराज रागावणार, आणि मुंबईचं धान्य, जळाऊ लाकूड हे सगळं समोरच्या किनाऱ्यावरून येणार! शिवाय महाराजांशी तहाची बोलणी चाललेली. कंपनीचं धोरण एकच, लढाईत पैसा घालवू नका.

१६७४ च्या एप्रिलात वादळाचं निमित्त होऊन सिद्दीचा ताफा मुंबईत शिरला. त्यातले काही लोक होड्यांतून माहीमच्या खाडीने वर जाऊन शीवला उतरले आणि तिथल्या रहिवाशांना घराबाहेर काढून त्यांनी ठाण मांडलं. इंग्रजांना आपले शिपाई पाठवून त्यांना हुसकावं लागलं. मग अट ठरली, की एका वेळी तीनशेपेक्षा जास्त माणसं किनाऱ्यावर उतरायची नाहीत आणि तलवारीखेरीज दुसरं हत्यार जवळ ठेवायचं नाही. आजच्या भाषेत सांगायचं तर जागा भाड्याने देण्याचा करारनामा! पण भाडेकरू असा, की अटी पाळतो की नाही हे पाहायला मालकाला तोफा रोखून बसावं लागे.

आरमार ठेवणं म्हणजे नुसती लाकडं ठेवणं नव्हे, हे इथे कळतं. पुतण्याची होडी प्लास्टिकमध्ये गुंडाळली की मे महिन्यापर्यंत ती काही खायला मागत नाही. गलबताबरोबर मात्र शेकडो खलाशी आणि शिपाई येतात. त्यांना चार महिने काम नाही, पगार थकलेला, पोट मात्र रोजचं. ती माणसं आसपासच्या गावांना पुरतात. माझगावच्या लोकांनी काय काय सोसलं असेल याची नोंद कोणी ठेवली नाही. वखारीच्या कागदांत कंपनीच्या तक्रारी आहेत, कोळ्यांच्या नाहीत. १६७७ च्या पावसाळ्याअखेर तर सिद्दी संबळ आणि सिद्दी कासीम या दोघांत आरमार कोणाचं यावरून भांडण पेटलं आणि मारामारी झाली ती मुंबईतच. बादशहाचा हुकूम कासीमच्या बाजूने होता, संबळ ताफा सोडायला तयार नव्हता. इंग्रजांनी मध्यस्थी केली. म्हणजे पाहुण्यांच्या भाऊबंदकीचा पंचनामाही घरमालकानेच करायचा.

पाऊस ओसरला की हाच ताफा माझगावहून निघून पेण-नागोठण्याच्या बाजूचा मराठी मुलूख लुटत असे. माणसं धरून नेत. महाराजांच्या दृष्टीने मुंबई ही तटस्थ राहिलीच नव्हती. शत्रूची तलवार चार महिने ठेवून घेणारा तटस्थ कसा?

म्हणून १६७८ च्या जुलैत महाराजांनी एक विलक्षण बेत केला. दौलतखान आणि दर्यासारंग यांना चार हजार माणसं देऊन पनवेलला पाठवलं. काम काय? माझगावला ओढून ठेवलेलं सिद्दीचं आरमार जाळून टाकणं. ऐन जुलैत! बेताची अक्कल अशी, की भर समुद्रात सिद्दीशी गाठ पडली तर बरोबरीची झुंज. पण ओढून ठेवलेलं गलबत म्हणजे लाकडाचा ढीग. शिडं उतरवलेली, माणसं पांगलेली. ज्या पावसाने शत्रूचं आरमार जमिनीवर बसवलं होतं, त्याच पावसाचा फायदा घ्यायचा.

पण पाऊस दोन्हीकडे सारखाच पडतो. पनवेलहून पलीकडे जायला पुरेशा होड्या मिळेनात, त्यात समुद्र तसला. ठाण्याच्या बाजूने पोर्तुगीज मुलखातून जाऊ द्यावं म्हणून विचारलं, तर पोर्तुगीजांनी वाट दिली नाही. बेत फसला, फौज परत गेली. माझगावची लाकडं जशीच्या तशी राहिली.

पुढच्याच वर्षी, १६७९ च्या पावसाळ्याच्या शेवटी, मराठ्यांनी मुंबई बंदराच्या तोंडावरचं खांदेरी बेट ताब्यात घेऊन तिथे तटबंदी सुरू केली. मायनाक भंडारी तिथे ठाण मांडून बसला. इंग्रजांनी गलबतं पाठवली, सप्टेंबर-ऑक्टोबरात लढाया झाल्या, मराठ्यांच्या लहान होड्या रात्री-अपरात्री इंग्रजांना चुकवून बेटावर सामान पोचवत राहिल्या, आणि शेवटी इंग्रज थकले. ही गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक असते. खांदेरी का घेतली याची कारणं अनेक. पण आदल्या वर्षीच्या पनवेलच्या फसलेल्या बेतानंतर ती घेतली गेली, हे मला महत्त्वाचं वाटतं. माझगावचं दार उघडता येत नसेल तर अंगणातच चौकी बसवावी, असा तो हिशोब असावा. (हे माझं मत आहे. इतिहासकारांनी रागावू नये.)

आणि १६८० च्या सुरुवातीला इंग्रजांशी तह झाला, त्यातलं एक कलम नेमकं याच विषयाचं होतं. सिद्दीच्या आरमाराला मुंबईत पावसाळा काढू द्यायचा नाही, आणि द्यायची वेळ आलीच तर मराठी मुलखाला उपद्रव करणार नाही असं त्याच्याकडून कबूल करून घ्यायचं. एवढ्या मोठ्या राज्यांच्या तहात होड्या कुठे ठेवायच्या यावर कलम! त्यानंतर थोड्याच दिवसांत, ३ एप्रिल १६८० रोजी, महाराज गेले. सिद्दीचं आरमार पुढेही माझगावला येतच राहिलं आणि संभाजी महाराजांनाही तीच डोकेदुखी पुरली. आणि १६८९ साली हाच सिद्दी कासीम, आता याकूतखान म्हणून, मुंबईवरच चालून आला. माझगाव घेतलं, इंग्रजांना किल्ल्यात कोंडलं. पावसाळे काढून काढून बेटाची वाट न वाट त्याला पाठ झाली होती, दुसरं काय.

आता याच गोष्टीची दुसरी बाजू. रामचंद्रपंत अमात्यांचं "आज्ञापत्र" आमच्या बी.ए.च्या अभ्यासाला होतं. तेव्हा परीक्षेपुरतं वाचलं. किल्ल्यांचं प्रकरण सगळ्यांना पाठ, आरमाराचं कोणी विचारत नसे. या निमित्ताने पुन्हा काढून वाचलं. १७१५ च्या सुमाराचा हा ग्रंथ. अमात्यांनी महाराजांचा काळ स्वतः पाहिलेला.

त्यात आरमाराच्या पावसाळी छावणीबद्दल चक्क स्वतंत्र सूचना आहेत. समुद्र खवळण्याच्या काही दिवस आधीच छावणीला जावं, शेवटच्या घटकेची वाट पाहू नये. उघड्या समुद्रावरच्या जागी गलबतं ठेवू नयेत, आडोशाची खाडी आणि जवळ किल्ल्याचा आधार पाहावा. अंमलदारांनी स्वतः तिथे राहावं, रात्रंदिवस गस्त ठेवावी. आणि मला सर्वांत आवडली ती सूचना अशी, की दरसाल एकाच बंदरात छावणी करू नये, बंदर बदलत जावं. कारण? आरमाराची माणसं एकाच ठिकाणी वर्षानुवर्षं राहिली तर त्या मुलखातल्या लोकांना त्यांचा उपद्रव होतो.

मी हे वाक्य वाचून पुस्तक मिटून बसलो. माझगावच्या कोळ्यांची तक्रार वखारीच्या कागदांत सापडत नाही म्हणालो ना मघाशी? ती इथे सापडते. कोणा एका गावाने सगळा भार सोसू नये, यंदा तुमच्याकडे, पुढल्या वर्षी त्यांच्याकडे. आरमार ठेवण्याचा खरा खर्च गावं भरतात, हे राज्य चालवणाऱ्या माणसाला दिसत होतं. त्याच प्रकरणात आरमाराचा पगार मुलखाच्या ठरलेल्या उत्पन्नातून द्यावा, येणाऱ्या-जाणाऱ्या व्यापाऱ्यांवर सोडू नये, असंही आहे. आणि गलबतांसाठी रयतेची आंब्या-फणसाची झाडं जबरदस्तीने तोडू नयेत, हे तर पुष्कळांनी ऐकलं असेल. प्रत्यक्षात हे सगळं किती पाळलं गेलं, हा प्रश्न वेगळा. कागदावर लिहिलेलं सगळं पाळलं जात असतं तर आमच्या शिक्षण खात्यात मी सुखाने नोकरी केली असती. असो.

खाडीत वर का न्यायचं यालाही कारण आहे, नुसता वाऱ्याचा आडोसा नव्हे. समुद्रात एक किडा असतो, लाकडात शिरून ते आतून चाळणीसारखं पोखरतो. वरून फळी धडधाकट दिसते. हा किडा खाऱ्या पाण्यातला. पावसाळ्यात खाडीचं पाणी नद्यांच्या पुराने गोडं होतं, त्यात तो मरतो. तळाला चिकटलेले शंख-शिंपलेही सुटतात. पण गोड्या पाण्याचा उलटा त्रासही आहे. खाऱ्या पाण्यात काथ्याचे दोर वर्षानुवर्षं टिकतात, पावसाच्या पाण्यात ते कुजतात. लाकडालाही खारं पाणी मानवतं, पावसाचं पाणी आत साचलं की बुरशी धरते. म्हणून दोर, शिडं घरात न्यायची, होडी झापांनी झाकायची, पण वारा खेळता ठेवायचा. मग फटींत कापूस दाबून राळ-तेल लावायचं. विजयदुर्गाजवळ वाघोटणच्या खाडीत आंग्र्यांची गोदी आहे, दगडाने बांधलेली, साडेतीनशे फुटांच्या आसपास लांब. भरतीला गलबत आत घ्यायचं, ओहोटीला पाणी उतरलं की कोरड्यावर काम करायचं. मी ती पाहिलेली नाही. आता गुडघे बघता पाहीनसं वाटत नाही.

त्याच विजयदुर्गाला १७५६ साली काय झालं तेही सांगतो, छावणीचा नसला तरी ठेवण्याचाच तो किस्सा आहे. पेशव्यांचं आणि तुळाजी आंग्र्यांचं बिनसलं, पेशव्यांनी इंग्रजांची मदत घेतली. फेब्रुवारीत वॉटसन आणि क्लाइव्ह ताफा घेऊन आले. आंग्र्यांची गलबतं किल्ल्याच्या आश्रयाला एकमेकांना बांधून ठेवलेली होती. तोफेचा गोळा एका जहाजावर पडला. ते जहाज मुळात कंपनीचंच, आंग्र्यांनी पकडून आणलेलं. त्याला आग लागली आणि बघता बघता सगळं आरमार जळून गेलं. महाराजांना माझगावला जे करता आलं नाही, ते पेशव्यांच्या संमतीने इंग्रजांनी विजयदुर्गाला मराठी आरमाराचं केलं. हे लिहिताना अजूनही हात अडतो.

थंड देशांचंही थोडं वाचलं. नॉर्वेत हजार वर्षांपूर्वीपासून किनाऱ्यावर होड्यांची लांबच लांब घरं बांधत, त्यांना "नाउस्ट" म्हणतात. राजाच्या लढाऊ नावेची देखभाल त्या त्या भागातल्या शेतकऱ्यांनी वाटून करायची असा तिथला कायदा. आणि नावेचं शीड ठेवायचं कुठे? चर्चमध्ये! गावातली सर्वांत कोरडी आणि चोरी न होणारी जागा तीच. हे वाचून मला आमच्या मारुतीच्या देवळात ठेवलेल्या भजनी मंडळाच्या सतरंज्या आठवल्या.

होडी ठेवण्याचा खर्च टाळला तर काय होतं, याचंही उदाहरण फार जुनं नाही. १७ जुलै १९४७, आषाढी अमावास्या. मुंबईहून रेवसला निघालेली रामदास बोट वादळात बुडाली आणि सहाशेच्या वर माणसं गेली. कोकणच्या लांबच्या आगबोटी पावसाळ्यात बंदच असत, बंदराजवळच्या फेऱ्या मात्र चालत. ती सणाला घरी निघालेली माणसं होती. त्या पिढीच्या मुंबईकरांच्या बोलण्यात ही तारीख अजून येते.

आता यांत्रिक बोटींना १ जून ते ३१ जुलै अशी मासेमारीची बंदी असते. कारण माशांची पैदास, आणि जिवाचा धोका तर आहेच. पूर्वी दर्याच बंदी घालत असे, आता सरकारही घालतं. दोन महिने बोट किनाऱ्याला, खलाशी गावाला, कर्जाचा हप्ता मात्र चालू. खर्च तोच जुना, फक्त आता तो बँकेच्या पासबुकात दिसतो.

हे सगळं मी पुतण्याला पुढच्या तीन-चार रविवारी थोडं थोडं सांगितलं. त्याला माझगावची गोष्ट फार आवडली. त्याच्या होडीच्या आवाराचा मालक भला माणूस आहे म्हणाला, शेजारी कोणाची होडी आहे हे विचारून घेतो म्हणाला!

मी गप्प का झालो होतो ते सांगायचं राहिलं. आमचं मेडशीचं घर दोन वाट्यांचं. अर्धं माझं, अर्धं दादांचं, म्हणजे याच्या वडिलांचं. दादा जाऊन नऊ वर्षं झाली, वहिनी त्याच्याकडेच असतात. ते अर्धं घर बंद आहे. दर मे महिन्यात दोन्ही बाजूंचे कवेलू मी फेरून घेतो, भिंतींना पोतेरं देतो, वाळवी बघतो. नऊ वर्षांत त्याला कधी पैसे मागितले नाहीत, त्यानेही विचारलं नाही. राग नाही. पण हजार डॉलर ऐकल्यावर माझ्या मनात जे आलं ते आलं, खोटं कशाला बोलू?

बोलता बोलता छावणी म्हणजे छप्पर घालणं, हे त्याला सांगत होतो. तेव्हा तो एकदम म्हणाला, "काका, आपल्या घराचं कोण करतं?" मी म्हटलं, "होतं." तो म्हणाला, "होतं म्हणजे? कोण करतं?" मग सांगावं लागलं. पलीकडे बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मला वाटलं फोन कटला. मग वहिनींचा आवाज आला, "भाऊजी, दर वर्षी?"

परवा त्याने पैसे पाठवले. सोबत विचारतो आहे, की कवेलू काढून एकदाचे टिनपत्रे टाकून घेतले तर दर वर्षीचा त्रास जाईल ना? हिशोबाने त्याचं बरोबर आहे. कवेलू फेरणारा आता पंचक्रोशीत एकच उरला आहे, तोही साठीचा. पत्र्याखाली उन्हाळ्यात बसवत नाही हे खरं, पण त्या अर्ध्या घरात बसणार तरी कोण आहे?

त्याला अजून कळवलेलं नाही. कवेलूवाला मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात येतो म्हणाला आहे. होडीही पुतण्या त्याच सुमारास पाण्यात सोडणार आहे. तोवर बर्फ वितळलेलं असतं म्हणे.